धाकट्याचं काळीज

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आकाशवाणीवर मला बोलावतात ते कविता वाचायला. माझ्या वाट्याची दहा मिनिटं वाचतो, चहा घेतो आणि वाशीमची गाडी पकडतो. या वेळी मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना म्हटलं, कविता नको, मला भूल या विषयावर बोलायचंय. ते हसले. त्यांना वाटलं, चांदण्याची भूल, प्रेमाची भूल, असंच काही असणार. म्हटलं, नाही साहेब, ऑपरेशनच्या टेबलावर देतात ती.

मी शिकलो बी.ए.पर्यंत, तेही मराठी वाङ्मय घेऊन. विज्ञानाशी दहावीतच फारकत झाली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंना विचारून आणि नंतर मिळेल ते वाचून समजलेलं आहे. पण विषय नवा नाही. आमच्या घरात तो पन्नास वर्षं पडून होता.

माझी मुलगी मंगरुळपीरला दिली आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, पाच वर्षांची. तिचा डावा डोळा आत वळायचा. शेजारणी म्हणायच्या, राहू द्या, तिरळी पोर नशिबाची असते. अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, त्यांनी मात्र कागद लिहून दिला. मग चष्मा झाला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून झाली, वर्ष गेलं. नजर सुधारली, पण डोळा वळायचा तो वळायचाच. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहायची सवय लहानपणीच लागते. आणि पुढचं वाक्य म्हणाले, लहान मूल आहे, पूर्ण भूल द्यावी लागेल.

हे वाक्य मी घरी येऊन अम्मीला सांगितलं आणि चूक केली. अम्मी ऐंशीच्या घरात आहे. आमच्या घरी बाहेर मराठी आणि आत वऱ्हाडी वळणाची उर्दू, असा कारभार. मराठीत भूल म्हणजे गुंगी, मोहिनी. अम्मीच्या उर्दूत भूल म्हणजे चूक. ती म्हणाली, "एक बार भूल दे चुके. अब दुबारा नहीं." मी आयुष्यभर शब्दांचे दोन-दोन अर्थ लावत आलो, पण या वाक्यापुढे गप्प बसलो.

ती म्हणत होती ते १९७४ सालचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी सात वर्षांचा आणि माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याच्या मांडीवर गळू झालं. पोटीस बांधून पिकलं नाही, ताप चढला, म्हणून अब्बा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होतो. गळू कापायला कितीसा वेळ लागणार? तो आत जाताना हातपाय झाडत होता, अम्मी अम्मी ओरडत होता. दोघांनी त्याला धरलं होतं. अम्मीला दाराशीच थांबवलं. रडणं ऐकू येत होतं, मग एकदम थांबलं. अब्बा म्हणाले, "सो गया." थोड्या वेळाने आतून एकजण धावत बाहेर गेला आणि तसाच धावत परत आला.

आम्हाला सांगण्यात आलं, मुलाचं काळीज कमजोर होतं, औषध सोसलं नाही. कपडे परत मिळाले तेव्हा त्याच्या सदऱ्याला एक गोडसर वास होता. आमच्या गल्लीत त्याला क्लोरोफॉर्म म्हणत. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. अब्बा सांगायचे, ते डॉक्टर बाकावर डोकं धरून बसले होते.

पण 'काळीज कमजोर' हे दोन शब्द आमच्या घरात राहायला आले ते आलेच. धाकट्याचं कमजोर, म्हणजे बाकीच्यांचंही असणार. मला कबड्डी नाही, विहिरीत पोहणं नाही. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांनी चौकशी केली, तुमच्याकडे काळजाचं काही आहे म्हणे? ती सोयरीक मोडली. घरात मूल जन्मलं की अम्मी त्याच्या छातीला कान लावायची. पोरं अंगणात धावू लागली की तिची हाक ठरलेली, "दौड़ मत!" ही हाक माझ्या मुलांनी ऐकली, नातीनेही ऐकली.

तेव्हा ऑपरेशनआधीच्या तपासणीला मी अम्मीलाही अकोल्याला घेऊन गेलो. म्हटलं, तूच विचार. भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी नातीला विचारलं, फुगा फुगवता येतो का? मग आमच्याकडे वळून प्रश्न सुरू केले. सर्दी-खोकला आहे का, कधी चक्कर येऊन पडली का, घरात कुणी लहान वयात अचानक गेलं आहे का. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी अम्मीकडे. अम्मीने सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, गुंगीच्या दव्याने दिल बंद पडतं का?

मला वाटलं, डॉक्टरबाई म्हणतील, छे छे आजी, काही होत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, पूर्वी पडायचं. आता फार क्वचित. का पडायचं ते सांगते, म्हणजे आम्ही काय सांभाळतो ते तुम्हाला कळेल."

त्यांनी सांगितलं ते असं. हृदयात वरच्या बाजूला एक लहानशी जागा असते, ती ठेका धरते. सगळं हृदय त्या ठेक्यावर चालतं. मोठ्या माणसाचं विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा, पाच वर्षांच्या मुलाचं साधारण ८० ते ११०, नवजात बाळाचं १२० ते १६०. बाळाचं हृदय एका ठोक्याला ढकललेलं रक्त फारसं वाढवू शकत नाही. त्याचा सगळा भरवसा ठोक्यांच्या संख्येवर. म्हणून मुलांच्या बाबतीत ठोके मंदावणं ही मोठ्यांपेक्षा गंभीर गोष्ट. आणि मुलाला श्वास कमी पडला, रक्तातला ऑक्सिजन उतरला, तर लवकरच त्याचे ठोके मंदावतात. भूलतज्ज्ञाची पहिली नजर त्यामुळे श्वासावर असते.

आता वासाने द्यायचं औषध, म्हणजे भुलीचा वायू. तो मेंदूला झोपवतो, पण मेंदूपाशीच थांबत नाही, हृदयापर्यंतही जातो. कुणी वायू ठेका धरणाऱ्या जागेलाच मंद करतो. मग खालची दुसरी जागा पुढे होऊन ठेका धरते, जसा मुख्य ढोलकीवाला डुलकायला लागला की बाजूचा सांभाळून घेतो. यात सहसा बिघडत नाही. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. काही वायू हृदयाच्या स्नायूला हळवं करून ठेवतात. माणूस घाबरला, त्याला दुखलं, श्वास कोंडला, की अंगात अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं द्रव्य उसळतं. एरवी त्याने फक्त छाती धडधडते. पण हळव्या झालेल्या हृदयात तेच द्रव्य भलत्या ठिकाणाहून ठोके उठवतं. ते वाढत गेले तर ठोका राहतच नाही, नुसती थरथर राहते. थरथरणारं हृदय रक्त ढकलू शकत नाही.

आम्ही कवी लोकांनी भीतीने काळजाचा ठोका चुकल्याचं इतक्या वेळा लिहिलंय की त्यात काही अर्थ असेल असं मला वाटेनासं झालं होतं.

घरी आल्यावर मी वाचायला लागलो. क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी वापर एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात सुरू केला. तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी टेबलावर गेली. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला मृत्यू तो हाच. ऑपरेशन कसलं? पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. गळू आणि नख.

मग डॉक्टरांमध्ये वाद पेटला. काही म्हणत, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, म्हणून फक्त श्वास पाहा. काही म्हणत, हृदय एकदम थांबू शकतं, नाडी सोडू नका. हा वाद मिटवायला पुढे कोण आलं असेल? आमचे निजाम! आमचे अशासाठी म्हणतो की वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी कागदोपत्री निजामाचंच होतं, त्यात वाशीमही आलं. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासवाल्यांपैकी. १८८८ मध्ये त्यांनी एक आयोग नेमून प्रयोग केले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेने शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि लंडनहून नामवंत डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना बोलावून घेतलं. १८८९ मध्ये हैदराबादेत शेकडो कुत्री, माकडं आणि इतर जनावरांवर प्रयोग झाले. त्याच काळात तिथे शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंचं नाव आज जगातल्या सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये घेतलं जातं. दख्खनच्या एका संस्थानात जगाचा प्रश्न सोडवायला एवढी माणसं जमली, याचं मला कौतुक वाटतं.

उत्तर मात्र चुकलं. आयोगाचा निष्कर्ष असा की क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासाकडे लक्ष ठेवलं की पुरे. जनावरांना बहुतेक भरपूर क्लोरोफॉर्म दिलेला होता. भरपूर दिला तर तसंच होतं, श्वास आधी थांबतो. पण थोडाच दिलेला, अर्धवट गुंगीतला, घाबरलेला जीव त्या प्रयोगांत जवळपास नव्हताच, आणि माणसं तर त्याच अवस्थेत जास्त मरत होती. हे दाखवायला १९११ साल उजाडलं. लंडनचे गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्म हलका असताना अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं तर निरोगी हृदयही थरथरत बंद पडतं. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र तेव्हा नुकतंच आलं होतं, ती थरथर त्यावर उमटली.

श्रोतेहो, 'निरोगी हृदयही' या दोन शब्दांवर मी त्या रात्री बराच वेळ थांबलो.

पुढचा इतिहास लवकर सांगतो. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन तयार केलं, १९५६ मध्ये मँचेस्टरला मायकेल जॉन्स्टन यांनी ते माणसांसाठी वापरलं. इथरसारखं पेट घेत नाही, वास सुसह्य, म्हणून मुलांसाठी ते जगभर चाललं. आपल्याकडच्या कितीतरी पोरांची ऑपरेशनं त्याच्यावर झाली आणि ती सुखरूप घरी गेली, हेही म्हटलं पाहिजे. पण क्लोरोफॉर्मची खोड त्यातही थोडी होतीच. ठोके मंद करणं आणि अ‍ॅड्रेनॅलिनपुढे हृदयाला हळवं करणं. दात काढायला बसवलेल्या मुलांमध्ये ठोक्यांची गडबड विशेष दिसायची. मग सेव्होफ्लुरेन आलं. जपानमध्ये १९९० ला, अमेरिकेत १९९५ ला. वास नाकाला टोचत नाही, मूल लवकर झोपतं, ठोक्यांची गडबड कितीतरी कमी. किंमत जास्त, म्हणून लहान गावांत पोचायला वेळ लागला. अमेरिकेत भुलीखाली हृदय बंद पडलेल्या मुलांची एक नोंदवही ठेवली होती. १९९४ ते १९९७ मधल्या प्रकरणांत ३७ टक्क्यांमागे औषध हे कारण होतं, आणि त्यात मोठा वाटा हॅलोथेनचा. १९९८ ते २००४ मध्ये हा आकडा १८ टक्क्यांवर आला. मधल्या काळात तिथे हॅलोथेनचा वापर उतरला होता.

सेव्होफ्लुरेनमध्येही काही नाही असं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे ठोके त्याने सुरुवातीलाच मंदावू शकतात. शिवाय प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जो वेळ लागतो, तो या वायूने थोडा लांबतो. काही घराण्यांत हा वेळ जन्मतःच लांब असतो, अशा घरांत तरुण माणसं अचानक जातात. डॉक्टरबाईंनी घरातल्या मृत्यूंबद्दल विचारलं ते यासाठी. धाकट्याची हकिगत ऐकल्यावर त्यांनी नातीचा ईसीजी काढायला लावला, आणि म्हणाल्या, काका, तुमचाही काढून घ्या. पन्नास वर्षं आमच्या घराण्यावर जो शिक्का होता तो तपासायला दहा मिनिटं लागली. दोन्ही पट्ट्या व्यवस्थित निघाल्या.

तरी एक गोष्ट त्यांनी आधीच बजावली होती. तिरळेपणाच्या ऑपरेशनात डोळ्याचा स्नायू ओढला की हृदय मंदावतं. डोळ्याकडून मेंदूत जाणारी नस निरोप नेते आणि मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस ठोक्याला लगाम घालते. १९०८ मध्ये अश्नर आणि डाग्निनी या दोन डॉक्टरांनी हे वेगवेगळं नोंदवून ठेवलंय. मुलांमध्ये ते जास्त दिसतं. उपाय सोपा, स्नायू सोडायचा. नाहीच जमलं तर अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन. हे अ‍ॅट्रोपीन ज्या कुळातलं, त्याच कुळातली द्रव्यं आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात असतात. ऐकून कुणी धोतरा खाऊ नका म्हणजे झालं, तो जीव घेतो.

ऑपरेशनच्या दिवशी खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. मुलीने नातीला मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरबाईंनी आधी एक गोड औषध पाजलं. थोड्या वेळाने नात स्वतःशीच हसायला लागली आणि परक्या बाईच्या खांद्यावर मान टाकून आत गेली. रडली नाही. मी नेहमीच्या उत्सुकतेने विचारलं, हे औषध कशाला, वायूने झोपणारच आहे ना? त्या म्हणाल्या, "घाबरलेलं मूल मला टेबलावर नको असतं, काका." आणि दार लागलं.

बाहेर बाकावर आम्ही चौघं. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं यंत्र असतं, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याची कल्पना मांडली. साल ऐकून चमकलात ना? मीही चमकलो. त्याचा टिक टिक आवाज दाराआडून येत होता. ऑक्सिजन उतरला तर या आवाजाची पट्टीही उतरते, म्हणजे डॉक्टरांची नजर दुसरीकडे असली तरी कानाला कळतं. मला मात्रा मोजायची सवय. मी मोजत बसलो. मध्येच टिकटिक संथ झाली. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं, आणखी वाढलं. मला ठाऊक होतं हे होणार आहे, का होणार आहे तेही ठाऊक होतं, तरी हातापायाला घाम फुटला. अम्मीला ऐकू कमी येतं, ते त्या वेळी बरं वाटलं. मग आवाज परत पहिल्या चालीवर आला. नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं, ११० वरून ६८ वर आला होता, सर्जनना म्हटलं सोडा, त्यांनी सोडलं, पुन्हा वर गेला. त्या हे असं सांगत होत्या जसं आपण सांगतो, दूध उतू जात होतं, गॅस बारीक केला.

शुद्धीवर येताना मात्र नातीने आकांत केला, कुणाला ओळखेना. सेव्होफ्लुरेननंतर काही मुलं अशी उठतात, अर्ध्या तासात शांत होतात, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून आम्ही टिकलो. आपल्या मुलाचं ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय म्हणून आग्रह धरा. आपण सर्जनचं नाव विचारून घेतो, भूल कोण देणार ते विचारत नाही. वाशीमला २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. विचारायला माणसं आता जवळ आली आहेत.

घरी आल्यावर एका संध्याकाळी मी अम्मीला लेव्हींच्या मांजरांची गोष्ट सांगितली. धाकट्याच्या बाबतीत नक्की काय झालं याची कुणी पट्टी काढलेली नाही, हेही सांगितलं. पण घाबरलेलं, रडणारं, नुकतंच गुंगीत जाणारं मूल, गोडसर वासाचं औषध आणि लहानसं ऑपरेशन, हे सगळं जुळत होतं. म्हटलं, अम्मी, त्याचं काळीज कमजोर असण्याची गरजच नव्हती. चांगलं काळीजही असं थांबायचं.

मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मतलब डर गया था." आणि थोड्या वेळाने, "मैं अंदर जाती तो नहीं डरता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तुला आत जाऊ दिलं नव्हतं. तेव्हा कुणालाच जाऊ देत नव्हते. एक ओझं काढायला गेलो आणि दुसरं ठेवून आलो की काय, असं मला वाटलं. डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, "आजींना सांगा, आई आत असती तरी औषध तेच होतं." मी सांगितलं. अम्मीने मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही.

महिन्याने मुलगी नातीला घेऊन आठ दिवसांसाठी आली. डोळा सरळ झालाय, लाली गेली आहे. संध्याकाळी पोरं अंगणात शिवाशिवी खेळत होती, नात सगळ्यात पुढे. अम्मी बाजेवर बसली होती, हातात तसबी. मी वाट पाहत होतो ती तिच्या हाकेची. नात दोनदा तिच्या पुढ्यातून धावत गेली. अम्मीने मणी सरकवला आणि पाहत राहिली.